पाण्याखालचे जोड

विमानवाहू नौकेचा फोटो दाखवला की कोणाचंही लक्ष आधी विमानांकडे जातं. सोपानमिस्त्रींचं जात नसे. ते मोबाईल हातात घेत, दोन बोटांनी फोटो मोठा करत आणि सरळ खाली, जहाज जिथे पाण्याला टेकतं त्या रेषेवर जाऊन थांबत. तिथे बराच वेळ बघत. मग मोबाईल परत देताना म्हणत, "बसलीय नीट. कुठं कललेली न्हाई." मी विमानांची माहिती सांगायला लागले की हात हलवत. "ती वरची गर्दी हाय, बाई. तिचं मला काय सांगू नका."

मी श्रीगोंद्याकडची. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार, आई चौथी शिकलेली. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. सोनईच्या पुढे एका गावात एका शिक्षणसंस्थेच्या शाळेत मला नोकरी मिळाली, तेव्हा वडिलांनी संस्थेच्या अध्यक्षांच्या पाया पडायला लावलं होतं. मीही मनापासून पडले होते. त्या शाळेच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे मिस्त्रींचं पत्र्याचं शेड होतं. उसाच्या ट्रॉल्या, कांदाचाळीचे सांगाडे, घरांचे दरवाजे अशी जोडाजोडीची कामं ते करायचे. कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की बॉयलरच्या दुरुस्तीला महिना-दोन महिने जायचे. वय पन्नाशीच्या आसपास. अंग वाळलेलं, भुवया ठिणग्यांनी जागोजाग जळलेल्या, बोलणं कमी.

आमची ओळख शाळेच्या फाटकामुळे झाली. बिजागरी तुटली होती, ती त्यांनी जोडून दिली. जाताना अंगठा त्या जोडावरून एकदा फिरवला आणि मला विचारलं, "बाई, तुमच्याकडं इंग्रजी पेपर येतो का?"

"येतो ना. का हो?"

"बोटीचं काय आलं का बघायचं हुतं. ती नवी. विमानाची."

मला हसू आलं. "तुम्हाला काय करायचंय बोटीचं? इथं मुळा धरणाच्या पाटात पाणी नाही."

ते हसले नाहीत. "असंच," म्हणाले. "वाचून दाखवलं तर बरं हुईल."

तेव्हापासून मधल्या सुट्टीत ते शाळेच्या व्हरांड्यात येऊ लागले. मी वर्तमानपत्र चाळायचे, मोबाईलवर नौदलाच्या बातम्या शोधायचे आणि मराठी करून सांगायचे. ते पायरीवर बसून ऐकायचे. नौका चाचणीसाठी पहिल्यांदा खोल समुद्रात गेली, तेव्हा मला गंमत वाटेल एवढे ते अस्वस्थ होते. रोज एकच प्रश्न. "परत आली का?"

"अहो मिस्त्री, सहलीला गेलेली पोरं आहेत का ती? येईल की."

"पाणी आत आलं तर न्हाई येत," ते गंभीरपणे म्हणाले. चार-पाच दिवसांनी ती बंदराला परतली. बातमी ऐकून ते उठले, समोरच्या टपरीवर गेले आणि माझ्यासाठी चहा घेऊन आले. स्वतःही प्यायले. त्या दिवसांत ते नीट जेवलेही नव्हते, असं त्यांच्या बायकोने, कांताबाईंनी, मला नंतर सांगितलं. "घरात कुनी आजारी असल्यावानी करत हुते," त्या म्हणाल्या.

खरी गोष्ट कळायला आणखी वर्ष गेलं. नौका नौदलात दाखल झाली त्या दिवशी ते सोनईच्या बाजारातून पावशेर पेढे घेऊन आले. पुडा फक्त माझ्यापुढे धरला. मुख्याध्यापक समोरून जात होते, तरी त्यांना दिला नाही. मी म्हटलं, "मिस्त्री, आज तरी सांगा. या बोटीचं आणि तुमचं काय आहे?"

त्यांनी पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाले, "तिच्या खालच्या टाक्या मी जोडल्यात."

कित्येक वर्षांपूर्वी एक ठेकेदार आपल्या भागातल्या कारखान्यांतून चांगले वेल्डर निवडून दक्षिणेतल्या एका गोदीत नेत होता. बॉयलरचं काम केलेला हात त्याला हवा होता. त्याने मिस्त्रींना निवडलं. पण काम संरक्षण खात्याचं. आत शिरायचं तर गावच्या पोलीस ठाण्याचा चारित्र्याचा दाखला लागे. आणि मिस्त्रींवर गुन्हा होता. ऊसदराच्या आंदोलनात रास्ता रोको झाला, तेव्हा रस्त्यात आडव्या लावलेल्या ट्रॅक्टरवर जी चाळीसेक माणसं बसली होती त्यांत ते होते. सगळ्यांची नावं लिहून घेतली गेली होती. दाखला मिळणार नव्हता.

त्यांचा चुलतभाऊ बबन हाही निवडला गेला होता, मदतनीस म्हणून. त्याचे कागद स्वच्छ होते आणि तयारही होते. पण ऐन वेळी सासऱ्याने टेम्पो घेऊन दिला आणि बबन जायचा थांबला. ठेकेदाराने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. नाक एक, कपाळ एक, वयात दीड वर्षाचा फरक. म्हणाला, "बबनच्या कागदावर चल. तिथं तोंडं कोण बघतंय? हात बघतात."

"आणि तुम्ही गेलात?"

"गेल्तो. चूक हुती, बाई. तवा कळत हुतं चूक हाय. पण तसलं काम पुन्हा या हाताला कुठं मिळणार हुतं?"

तीन वर्षं ते तिथे बबन होते. हजेरीला बबन, ओळखपत्रावर बबन, सोबतच्या मल्याळी आणि ओडिया कामगारांच्या तोंडी बबन. वेल्डरची परीक्षाही त्यांनी बबन म्हणूनच दिली आणि पहिल्या झटक्यात पास झाले. काम जहाजाच्या अगदी तळाशी. माणूस कसाबसा सरपटत जाईल एवढ्या भोकातून आत शिरायचं. आत पोलादी खोल्या, एकीला लागून दुसरी. वर हात करून डोक्यावरचा जोड भरायचा, वितळलेलं लोखंड अंगावर गळायचं. धूर बाहेर ओढायला नळी असे. ती बंद पडली तरी अर्धा भरलेला जोड सोडून ते बाहेर येत नसत. "अर्ध्यात सोडला की जोड गार पडतो, आन् मग तो धरत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इथे गावात कांदाचाळीच्या अँगलला ते जोडत असले आणि जेवायला हाक आली, तरी हेच उत्तर यायचं.

प्रत्येक जोडाचा तिथे एक्स-रे निघे. मिस्त्रींचा एकही जोड परत आला नाही. पुढे नगरला त्यांच्या छातीचा एक्स-रे काढला, तेव्हा मला फिल्म दाखवत म्हणाले होते, "बघा. माझ्या जोडांचा एक्स-रे कधी नापास झाला न्हाई. माझाच झाला."

हे सगळं त्यांनी मला सांगितलं ते कोणाला न सांगण्याच्या बोलीवर. सांगितलं तर गुन्हा, आणि तो त्यांच्याबरोबर बबनवरही. मी शब्द दिला. एवढं मोठं काम केलेला माणूस रोज माझ्यासमोर पायरीवर बसतो, याचा मला अभिमान वाटायचा. पहिलं लढाऊ विमान नौकेवर उतरलं, त्या बातमीला मी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री म्हणाले, "आपटलं आसंल जोरात."

"उतरलं, मिस्त्री. आपटलं नाही."

"एवढं वजन उतरतं तवा खालपर्यंत हिसका जातोच. टाक्यांनी धरला म्हणायचा." आणि अंगठ्याने पायरीची कड चाचपत राहिले.

बबनला मी वाईट माणूस म्हणणार नाही. गोड बोलणारा, कोणाच्याही लग्नात वाढायला पुढे. एक दिवस त्याच्या पत्त्यावर ठेकेदाराकडून एक खोकं आलं. बांधणीत काम केलेल्या कामगारांना आठवण म्हणून लाकडी पाटी पाठवली होती. तिच्यावर पितळी पत्रा, पत्र्यावर जहाजाचं चित्र, खाली बबनचं नाव. तो ती घेऊन आधी मिस्त्रींकडेच आला. मी शेडमध्ये होते.

"घे बाबा," तो हसत म्हणाला. "काम तुझं, नाव माझं. अर्धी कापून घेतोस का?"

मिस्त्रींनी पाटी हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली. "ने घरी. माझ्या भिंतीला बघून लोकं विचारतील."

बबनने ती घरात लावली आणि लोकांनी त्याला विचारलं. तो आधी काहीच बोलला नाही. मग हसला. मग "व्हय, गेल्तो तिकडं" म्हणाला. ज्या वर्षांत तो टेम्पो घेऊन नाशिक-पुणे करत होता ती वर्षं गावाने सोयीने विसरून टाकली. मिस्त्री तेव्हा लांबच्या कुठल्या कारखान्यात बॉयलरवर होते, असंच गाव समजत आलं होतं. महिनाभरात तो 'बोटवाला बबनराव' झाला.

त्याच वर्षी संस्थेने मुलांसाठी वेल्डिंगचा वर्ग काढायचं ठरवलं होतं. मिस्त्रींच्या मनात तिथे शिकवायचं फार होतं. छातीमुळे बॉयलरची कामं झेपेनाशी झाली होती. त्यांनी माझ्याकडून अर्जही लिहून घेतला होता. अर्जात अनुभवाचा रकाना होता. 'कारखाने, ट्रॉली, फाटके' एवढंच त्यात लिहिता आलं. अध्यक्षांना मात्र वर्गाच्या उद्घाटनाला एक भूमिपुत्र हवा होता. पंधरा ऑगस्टला बबनरावांचा सत्कार आणि त्याच कार्यक्रमात त्यांची वर्गावर नेमणूक, असं ठरलं. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "मॅडम, मानपत्र तुम्ही लिहा. बोटीचं तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे? सूत्रसंचालनही तुमच्याकडेच."

माझ्या नेमणुकीची सरकारी मान्यता तेव्हा शिक्षण कार्यालयात अडकून होती. अध्यक्षांच्या सहीचं पत्र गेलं की सुटणार होती. हे कारण सांगते आहे, ते खरं आहे म्हणून. त्याने काही झाकलं जात नाही.

मी मिस्त्रींकडे गेले. ते ट्रॉलीच्या साट्याखाली, म्हणजे तळाच्या सांगाड्याखाली, झोपून काम करत होते. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मी नाही म्हणून सांगते. आजारी पडते."

ते खालूनच म्हणाले, "मग दुसरं कुनीतरी लिहील. खोटं लिहील. तुमी लिहा. पण एक अक्षर चुकीचं नको." मग बाहेर आले आणि मानपत्राचा मजकूर त्यांनी मला स्वतः सांगितला. तळाच्या टाक्या, डोक्यावरचे जोड, धुराची नळी, एक्स-रे. 'डोक्यावरचे'ऐवजी मी 'उभे जोड' लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. नावाच्या जागी आलो तेव्हा मी पेन उचललं. ते म्हणाले, "ती जागा तुमची तुमी भरा. मला ऐकवू नका."

पंधरा ऑगस्टला मैदानावर मोठा फ्लेक्स लागला. फेटा बांधलेला बबन आणि त्याच्या मागे विमानवाहू नौका. मिस्त्री फ्लेक्सजवळ थांबून माझ्या कानाशी म्हणाले, "ही आपली न्हाई. आपल्या बोटीचं नाक वर उचललेलं हाय. ही सपाट हाय. कुन्या दुसऱ्या देशाची उचललीय." फ्लेक्सवाल्याने इंटरनेटवरून मिळेल तो फोटो लावला होता. शेकडो माणसांत ते त्यांना एकट्यालाच दिसलं होतं.

झेंडावंदन झालं. मी मानपत्र वाचलं. माझा आवाज चांगला आहे, लोक शांतपणे ऐकत होते. टाळ्या पडल्या. शाल, नारळ झालं. मग अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, "बबनराव, पोरांना तुमच्या तोंडून ऐकू द्या. नेमकं काय केलंत तुम्ही?"

बबन घाबरला असावा. मानपत्रात काय होतं तेही त्याच्या डोक्यातून गेलं. म्हणाला, "ती विमानं उतरत्यात ना, ती सगळी धावपट्टी मी जोडली. वरची."

मागून, लिंबाखालून आवाज आला, "धावपट्टी न्हाई. खाली. पाण्याखालच्या टाक्या."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मिस्त्री उभे होते. कोणीतरी ओरडलं, "मिस्त्री, तू पोहत गेल्तास का बघायला?" मैदान हसलं. दुसरा म्हणाला, "त्याला ट्रॉलीचा साटा वाटला आसंल!" पुन्हा हसू. मिस्त्री दोन पावलं पुढे आले. तोंडाने श्वास घेत म्हणाले, "आता वाचलं ना बाईंनी. टाक्या म्हणून. धावपट्टीचं काम येगळ्या लोकांनी केलं, त्यांचं त्यांना ऱ्हाऊ द्या. तिथं आत जायला भोक एवढं…" आणि हाताने ते दाखवू लागले.

बबनचा चेहरा पांढरा पडला होता. अध्यक्षांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, मुख्याध्यापकांनी माझ्याकडे. माईक माझ्या हातात होता.

मी म्हणाले, "सोपानमिस्त्री, कृपया बसून घ्या. कार्यक्रमाची शिस्त पाळा."

त्यांचा हात हवेत तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला. "व्हय, बाई," म्हणाले, आणि मुलं बसतात तसे जमिनीवर बसले.

माझी मान्यता त्या दिवाळीपूर्वी आली.

मिस्त्री मधल्या सुट्टीत यायचे थांबले. मोठ्या सरावात नौका ताफ्याच्या मध्यभागी चालली होती, ती बातमी घेऊन मी शेडमध्ये गेले. त्यांनी वेल्डिंगची काच डोळ्यांवरून वर केली नाही. आतूनच म्हणाले, "मला नका वाचू. ज्याच्या नावावर हाय त्याला वाचून दाखवा." मी उभी राहिले. त्यांनी रॉड टेकवला, ठिणग्या उडाल्या, मला मागे सरावं लागलं.

वर्ग सुरू झाला आणि आठवड्यात उघडं पडलं की बबनला सरळ रेषेतही जोड भरता येत नाही. तो मिस्त्रींकडे आला. काय बोलणं झालं माहीत नाही. पुढच्या सोमवारपासून मिस्त्री वर्गात मदतनीस म्हणून येऊ लागले. हजेरीपटावर निदेशक म्हणून सही बबनची. शिकवायचे मिस्त्री. मुलांचा हात धरून वळवायचे, जोड पाहून म्हणायचे, "रंग लावल्यावर समदे सारखेच दिसत्यात. रंगाच्या आदी बघायला शिका." मुलं त्यांना 'मिस्त्री' म्हणत आणि बबनला 'सर'. एकदा जिन्यात मी त्यांना म्हटलं, "तुम्ही हे का करता? सोडून द्या." ते म्हणाले, "पोरांचे जोड धरत्यात. मला दुसरं काय येतं?"

शेवटी नगरच्या दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेले. नाकाला नळी होती. मी माफी मागितली. शब्द आधी जुळवून नेले होते, ते सगळे बोलून टाकले. त्यांनी ऐकून घेतलं. मग थांबत थांबत म्हणाले, "बसा म्हणालात, त्याचं काय न्हाई. नोकरी हाय तुमची. पण आवाज बदलला तुमचा. पायरीवर माझ्याशी बोलायचा तो आवाज येगळा हुता." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ते झोपले असं समजून मी निघाले. झोपले नव्हते, हे मला माहीत होतं.

चार दिवसांनी गेले.

दहाव्याला नदीकाठी मंडप होता. आपल्याकडे दशक्रियेला माईकवर श्रद्धांजली वाहायची रीत आहे. सरपंच बोलले, अध्यक्षांचा माणूस बोलला. मग भाऊबंदांकडून बबन उठला. डोकं भादरलेलं, डोळे लाल. तो खरंच रडत होता. म्हणाला, "सोपान माझ्या पाठच्या भावासारखा. माझा उजवा हात हुता. बोटीवरचं जे जे मला येत हुतं, ते समदं मी त्याला शिकवलं. त्यानं बी मन लावून घेतलं."

तो खोटं बोलतो आहे असं त्याच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं.

पुढचं नाव माझं होतं. मी उठत असताना कांताबाईंनी माझा पदर धरला. त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी बसली होती. पोलीस भरतीची धावण्याची चाचणी पार केलेली, निवड यादीत नाव लागलेली. "बाई, तुमाला समदं म्हाईत हाय, ते मला ठावं हाय," कांताबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "पण पोरीची पडताळणी व्हायचीय. बापानं दुसऱ्याच्या नावावर काम केलं, असं कागदावर आलं तर? त्यांचं जाऊ द्या आता. तुमी शब्द द्या मला."

मी शब्द दिला. माईकसमोर उभी राहिले आणि म्हणाले की मिस्त्री हे मेहनती आणि प्रामाणिक कारागीर होते, शाळेचं फाटक त्यांनी जोडलं. दोन मिनिटांत बसले. बबनने हात जोडून माझे आभार मानले.

मुलगी आता नोकरीत लागली आहे, तरी शब्द तो शब्द. म्हणून गावाचं नाव मी लिहिलेलं नाही. बबनचं नाव बबन नाही, कांताबाईंचं कांता नाही. आणि सोपान हेही मी दिलेलं नाव आहे. त्यांचं खरं नाव त्यांच्या कामाशेजारी एकदा कुठेतरी छापलेलं असावं, एवढ्यासाठीच मी हे लिहायला बसले होते.